खाफीखानाचा ‘गंज-इ-सवाई’ वृत्तान्त : साक्ष, आरोप आणि ‘चांचा’ हा शब्द

मुहम्मद हाशिम ऊर्फ खाफीखान याचा ‘मुन्तखब-उल-लुबाब’ हा फारसी इतिहासग्रंथ मराठी अभ्यासकांना परका नाही. औरंगजेबाची दख्खनची मोहीम, विजापूर व गोवळकोंडा येथील राज्यांचा अंत, मराठ्यांचा प्रतिकार हे विषय शिकवताना त्याचा आधार वारंवार घेतला जातो. त्या मानाने याच ग्रंथातील सागरी लुटीचे प्रकरण दुर्लक्षित राहिले आहे. सुरतेचे बादशाही जहाज ‘गंज-इ-सवाई’ १६९५ च्या सप्टेंबरमध्ये हजयात्रेकरूंना घेऊन परत येत असताना इंग्लिश चांच्यांनी लुटले. त्याचा वृत्तान्त खाफीखानाने चार-पाच पृष्ठांत दिला आहे. व्यापारी जहाजांची सुरक्षितता, यात्रेकरूंचे संरक्षण आणि समुद्रावरील गुन्ह्याची जबाबदारी कोणाची, या तिन्ही प्रश्नांवर मोगलकालीन हिंदी लेखकाने लिहिलेले इतके सविस्तर प्रकरण क्वचितच सापडते. वर्गात मात्र त्याचा उपयोग बहुधा दोनच प्रकारे होतो. काही अध्यापक त्यातून इंग्रजांच्या कपटाचा पुरावा काढतात, तर काही जण दरबारी लेखकाची अतिशयोक्ती म्हणून ते बाजूला ठेवतात. या दोन्ही वाचनांत मूळ मजकुरावर अन्याय होतो. या प्रकरणाचे खरे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ते दाखवण्याचा आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

खाफीखानाने बाबरापासून मुहम्मदशाहाच्या कारकीर्दीपर्यंतचा इतिहास लिहिला. गंज-इ-सवाईची लूट आणि ग्रंथाची सिद्धता यांच्यात साडेतीन दशकांहून अधिक काळ गेला आहे. म्हणजे हे लेखन ताज्या बातमीचे नसून आठवणीचे आहे. मूळ फारसी मजकूर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ‘बिब्लिओथिका इंडिका’ मालेत छापला. परंतु बहुतेक अभ्यासकांची त्याच्याशी ओळख इलियट आणि डाउसन यांच्या इतिहासमालेच्या सातव्या खंडातील (१८७७) इंग्रजी उताऱ्यांवरून होते. फारसी साधने मराठीत आणण्याचे मोठे काम सेतुमाधवराव पगडी यांनी केले, तरी सागरी इतिहासाच्या अंगाने या मजकुराची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही.

या प्रकरणात खाफीखान दोन भूमिकांत वावरतो. लुटीचे वर्णन त्याने ऐकीव माहितीवरून केले आहे. त्यानंतरची मुंबईची भेट मात्र त्याची स्वतःची आहे. तो त्या वेळी राहिरीचा (म्हणजे १६८९ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेलेल्या रायगडचा) फौजदार अब्दुर्रज्जाकखान याचा सुरतेतील मुखत्यार होता आणि सुमारे दोन लाख रुपयांचा माल घेऊन किनाऱ्याने निघाला होता. त्याच्याकडे बखरकार आणि साक्षीदार म्हणून पाहताना दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

लुटीचे वर्णन : दोष कोणाचा?

खाफीखानाच्या म्हणण्यानुसार सुरत बंदरात या जहाजाहून मोठे जहाज नव्हते. मोखा आणि जिद्दा येथे विकलेल्या मालाचे ५२ लाख रुपये सोन्याचांदीच्या रूपाने त्यावर होते, शिवाय ८० तोफा आणि ४०० बंदुका. सुरत आठ-नऊ दिवसांच्या अंतरावर असताना एक इंग्लिश जहाज दृष्टीस पडले. त्याची शस्त्रसामग्री बादशाही जहाजाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचीही नव्हती, असे तो म्हणतो. बादशाही जहाजावरील तोफ डागताना फुटली आणि तीन-चार माणसे मेली. त्याच सुमारास शत्रूचा गोळा मुख्य डोलकाठीवर बसला. नाखुदा इब्राहीमखान तळभागात पळाला. मोख्यात विकत घेतलेल्या तुर्की दासींच्या डोक्यांवर पगड्या चढवून आणि हातांत तलवारी देऊन त्याने त्यांना लढायला उभे केले.

यातील आकडे तपासून घ्यावे लागतात. हल्ला करणाऱ्या हेन्री एव्हरीच्या ‘फॅन्सी’ या जहाजावर ४६ तोफा होत्या. म्हणजे प्रतिपक्ष तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा नव्हता. अर्ध्याहून अधिक बळाचा होता. शिवाय एव्हरीने त्याआधी सुरतेचे धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मदी’ हे जहाज लुटले होते. त्या लुटीचा आणि एव्हरीच्या नावाचाही उल्लेख खाफीखान करत नाही. शत्रूचे बळ कमी दाखवण्यामागे एक हेतू स्पष्ट दिसतो. हरणे अपरिहार्य नव्हते, जहाज नाखुद्याच्या भ्याडपणामुळे गेले, हे त्याला ठसवायचे आहे.

इथे खाफीखानाला केवळ पक्षपाती म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी थांबावे. पक्षपाती लेखक पराभवाचे खापर शत्रूच्या कपटावर फोडतो. हा लेखक ते आधी आपल्या माणसाच्या माथी मारतो. पुढेही तो हीच रीत ठेवतो. सुरतेच्या वाकेनवीसांनी लुटीची बातमी आणि तिच्यासोबत मुंबईत पाडलेले इंग्लिश राजाच्या नावाचे रुपये दरबारी धाडले. बादशाह तेव्हा भीमाकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत होता. सुरतेतील इंग्रज व्यापाऱ्यांना कैद करण्याचा आणि मुंबईवर चालून जाण्याचा हुकूम सुटला. पण बंदराचा मुत्सद्दी इतिमादखान याने हिशेब केला की लढाई झाली तर जकात बुडेल. त्याने इंग्रज वखारवाल्यांना दिखाव्यापुरते कैदेत ठेवून आतून समेटाची बोलणी चालवली. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आधीच रुसलेला होता. हुकूम बादशाहाचा, बजावणी जकातीच्या वहीप्रमाणे! मोगल सत्तेच्या सागरी दुबळेपणावर याहून नेमके भाष्य तत्कालीन लेखनात शोधावे लागेल. भूमीवर दोन सल्तनती बुडवणाऱ्या साम्राज्याजवळ सात मैलांच्या बेटावर चालून जाण्याजोगे स्वतःचे आरमार नव्हते. ते सिद्दीवर विसंबून होते.

स्त्रिया : वृत्तान्तातील सर्वांत मोठी उणीव

वृत्तान्ताचा सर्वांत वेदनादायक भाग स्त्रियांविषयीचा आहे. चांचे आठवडाभर जहाजावर होते. त्यांनी पुरुषांना नागवले, लहानथोर स्त्रियांची विटंबना केली. काही कुलीन स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी सुऱ्या-कट्यारींनी जीव दिला. हे वर्णन अतिरंजित मानण्याचे कारण नाही. यात्रेकरूंवर अत्यंत क्रूर अत्याचार झाले, हे कंपनीच्या मुंबईहून गेलेल्या तत्कालीन पत्रव्यवहारातही मान्य केले आहे. ज्या पक्षाला हे लपवण्यात लाभ होता त्यानेच ते लिहावे, हा पुरावा भक्कम आहे.

तथापि खाफीखानाच्या मांडणीत एक भेद आहे आणि अध्यापकांनी तो नजरेआड करू नये. समुद्रात उडी घेणाऱ्या स्त्रियांसाठी त्याच्याजवळ आदराचे शब्द आहेत. पगडी घालून लढायला लावलेल्या तुर्की मुली मात्र त्याच्या लेखी इब्राहीमखानाच्या भित्रेपणाचे साधन आहेत, जवळजवळ विनोदाचा विषय आहेत. त्या शत्रूच्या हाती पडल्या, एवढे सांगून तो पुढे जातो. पुढे त्यांचे काय झाले, हे त्याने नोंदवलेले नाही. मोख्याच्या बाजारात विकत घेतलेल्या, परमुलखात नेल्या जाणाऱ्या या मुलींवर एकाच प्रवासात दोनदा मालकी बसली, एकदा पैशाने आणि एकदा तलवारीने. पहिली खरेदी लेखकाला खटकत नाही. दुसरी त्याला संतापजनक वाटते. सागरी लुटीचा निषेध करणारा हा मजकूर माणसांच्या खरेदी-विक्रीपुढे मुका होतो. त्या काळाची मर्यादा म्हणून हे समजून घेता येते; परंतु विद्यार्थ्यांपुढे ती मर्यादा म्हणूनच मांडली पाहिजे.

मुंबईची भेट : स्वतःविरुद्ध जाणारी साक्ष

प्रकरणाचा गाभा मुंबईच्या किल्ल्यातील संवादात आहे. अब्दुर्रज्जाकखानाची हैदराबादेतील दिवसांपासून एका इंग्रजाशी ओळख होती. त्या ओळखीवर खाफीखान, सोबत मौल्यवान माल असताना आणि बरोबरच्यांचा विरोध असताना, किल्ल्यात गेला. त्या इंग्रजाचे नाव तो देत नाही. त्या काळी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर होता आणि वर्णनाचा थाटही गव्हर्नरच्या भेटीचाच आहे.

दाराशी बारा-चौदा वर्षांची मुले बंदुका घेऊन उभी, पुढे मिसरूड फुटलेले तरुण, मग दाढीवाले, शेवटी जरीच्या पोशाखातील पांढऱ्या दाढीचे वृद्ध, असा वयोमानाप्रमाणे चढत जाणारा देखावा त्याने रंगवला आहे. बंदूकधाऱ्यांची संख्या तो सुमारे सात हजार सांगतो. ही संख्या अशक्य आहे. १६८९-९० च्या सिद्दीच्या वेढ्याने आणि रोगराईने मुंबईतील इंग्रज फार थोडे उरले होते. पण चुकीच्या आकड्यातूनही एक गोष्ट कळते. पाहुण्याच्या डोळ्यांत भरावे म्हणून तो देखावा उभा केला होता आणि तो डोळ्यांत भरला.

संवादात गव्हर्नरने विचारले, आमच्या व्यापाऱ्यांना कैद का केले? खाफीखान उत्तरला की सूर्यप्रकाशाने जग उजळले असताना सूर्य कोठे आहे असे विचारण्यासारखा हा प्रश्न आहे. गव्हर्नरने पुरावा मागितला. तेव्हा खाफीखानाने सांगितले की जहाजावरील त्याच्या परिचितांनी स्वतः ऐकले होते. इंग्लिश वेषातील काही लुटारू अंगावरचे व्रण दाखवून म्हणत होते की हे सिद्दी याकूतच्या वेढ्यातील आहेत आणि आज मनावरचे व्रण पुसले गेले. हिंदी आणि फारसी जाणणाऱ्या एकाने ते बोलणे समजावून दिले होते.

यावर गव्हर्नर हसला आणि म्हणाला की ते तसे बोलले असतील. वेढ्यात जखमी होऊन याकूतखानाच्या हाती सापडलेले आणि त्याच्याकडे जाऊन मुसलमान झालेले ते लोक आहेत. पुढे तेथूनही पळाले, इकडे परतायचे तोंड राहिले नाही, म्हणून समुद्रावरील लुटारूंना जाऊन मिळाले. नाण्यांबद्दल विचारता त्याने सांगितले की हिंदुस्थानी नाणी वजनाला कमी आणि हिणकस असल्याने देवघेवीत तंटे होतात, म्हणून आपल्या हद्दीत आपल्या नावाची नाणी चालवली.

येथे साहित्यदृष्ट्या आणि इतिहासदृष्ट्याही एक विलक्षण गोष्ट घडते. ज्याला दोषी ठरवायचे त्याचे उत्तर खाफीखान पूर्ण, सुसंगत आणि प्रभावी स्वरूपात नोंदवतो; इतकेच नव्हे, तर त्याच्या हजरजबाबीपणाची वाखाणणी करतो. स्वतःजवळचा प्रतिवाद मात्र धमकीचा आहे: विजापूर आणि हैदराबादचे राजे व संभाजीराजे बादशाहाच्या हातून सुटले नाहीत, तर मुंबई बेटाचा काय पाड? (संभाजीराजांचा उल्लेख तो हिणवूनच करतो; मराठ्यांविषयी त्याची लेखणी सर्वत्र कडवट आहे.) तर्काच्या पातळीवर गव्हर्नर निरुत्तर होत नाही. वाद हरल्यासारखा दिसेल असा संवाद लेखकाने गाळला नाही, हाच त्याच्या साक्षीच्या विश्वासार्हतेचा सर्वांत मोठा आधार आहे.

मग गव्हर्नर खरे बोलत होता काय? अंशतः. लुटारू कंपनीचे चाकर नव्हते, एवढे आज निश्चित आहे. एव्हरीचे जहाज मुळात ‘चार्ल्स सेकंड’ नावाचे होते. १६९४ च्या मे महिन्यात स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात, पगार थकल्याने चिडलेल्या खलाशांनी बंड करून ते पळवले होते. व्रण दाखवणाऱ्यांची गव्हर्नरने सांगितलेली कुळकथा मात्र सोयीची वाटते. तिच्यात दोष फिरून सिद्दीकडे, म्हणजे बादशाहाच्याच आश्रिताकडे जातो.

निष्कर्षाचा हिशेब आणि ‘चांचा’ शब्दाची व्याप्ती

इतका मोकळा संवाद लिहिल्यावर खाफीखान जो समारोप करतो तो निराशाजनक आहे. मुंबईचे उत्पन्न, मुख्यतः सुपारी आणि नारळ यांवरचे, दोन-तीन लाखांवर जात नाही. व्यापाराचा नफा वीस लाखांवर नाही. उरलेला खर्च हजची जहाजे लुटून भागवतात, दरवर्षी एक-दोन, असा त्याचा हिशेब आहे. कंपनीचे भांडवल आणि कर्ज लंडनमधून उभे राहत होते, याची त्याला कल्पना दिसत नाही. जमाखर्चात तूट दिसली की ती चोरीने भरली असणार, असे अनुमान त्याने काढले. साक्षीदाराने ऐकलेले बखरकाराने विचारात घेतले नाही.

याच परिच्छेदात तो खांदेरी, कुलाबा येथील मराठी आरमाराला आणि ‘सकना’ म्हणजेच ‘बवारिज’ यांना इंग्रजांच्या पंक्तीला बसवतो. बवारिज हा शब्द अल्बेरूनीच्या ‘किताब-उल-हिंद’मध्येही कच्छ-सोमनाथकडील सागरी लुटारूंसाठी आला आहे. युरोपीय प्रवासी त्या भागातील लुटारूंना ‘सकना’शी मिळतेजुळते ‘संगानियन’ हे नाव देत. मराठीत चांचे, उर्दूत बहरी कज्जाक. शब्द अनेक आहेत, पण खाफीखान त्यांच्या आड तीन अगदी वेगळ्या गोष्टी एक करतो: बंडखोर खलाशांची टोळी, किनाऱ्यावरील लुटारू जमात आणि राज्याचे आरमार.

हीच चूक पुढे इंग्रज लेखकांनी उलट बाजूने केली. क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये आणि कर्नल बिडल्फने १९०७ च्या ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ या पुस्तकात कान्होजी आंग्र्यांना चांच्यांतच गणले. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत आणि तो नसलेले जहाज जप्त करत, तेव्हा तो कायदा ठरे. आंग्र्यांनी दस्तक मागितले की ती चाचेगिरी! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण याच काळातले आहे. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना उपद्रव न देण्याचा आणि कौल नसलेल्यांनाही दिलासा देऊन बंदरात आणण्याचा दंडक त्यात आहे. नियम प्रत्येक वेळी पाळला गेला असेल असे नाही. पण मोडण्यासाठी नियम असणे आणि मुळात नियमच नसणे यांत फरक आहे. एव्हरीच्या टोळीमागे कोणतीही सत्ता नव्हती, तक्रार ऐकणारे कोणी नव्हते. आंग्र्यांमागे राज्य होते. त्यांच्याशी तह होऊ शकत होता आणि झालाही. तेव्हा ‘चांचा’ हे नाव लेखणी ज्याच्या हाती तो देतो, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. समुद्रावर बळ वापरणारा कोणाला जबाबदार आहे, हा प्रश्न कसोटी म्हणून लावला पाहिजे. ही कसोटी खाफीखान, डाउनिंग आणि बिडल्फ या तिघांनाही सारखीच अडचणीची ठरते.

न्यायाचा शेवट

लुटीनंतर एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्या सहा साथीदारांवर लंडनमध्ये १६९६ च्या ऑक्टोबरमध्ये खटला चालला. गंज-इ-सवाईच्या लुटीच्या आरोपावर पंचांनी निर्दोष ठरवले! मग पुन्हा खटला भरला गेला. त्यात मुख्य भर ‘चार्ल्स सेकंड’ हे इंग्लिश जहाज पळवल्यावर होता. त्या वेळी दोष सिद्ध होऊन पाच जणांना नोव्हेंबरमध्ये फाशी झाली. यात्रेकरूंच्या यातनांना त्या न्यायालयात न्याय मिळाला असे म्हणवत नाही. चांच्यांना पकडण्यासाठी राजाची सनद घेऊन निघालेल्या विल्यम किडने १६९८ च्या जानेवारीत ‘केदा मर्चंट’ हे सुरतेला चाललेले जहाज पकडले आणि १७०१ मध्ये त्यालाही फाशी झाली. दरम्यान युरोपीय कंपन्यांना हज आणि व्यापाराच्या जहाजांना संरक्षण देण्याचे बंधन पत्करावे लागले. आपल्या माणसांच्या रक्षणासाठी बादशाहाला ज्यांच्यावर संशय त्यांचीच जहाजे मागावी लागली, हा खाफीखानाच्या वृत्तान्ताचा त्याने न लिहिलेला शेवट होय.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय नौदल आणि तटरक्षक दलाने ‘अलोंड्रा रेनबो’ हे लुटलेले जपानी मालवाहू जहाज अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. भारतात तेव्हा चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो ‘सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम, २०२२’ या नावाने आला. २०२४ च्या मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरून पकडलेले ३५ सोमाली चांचे मुंबई पोलिसांच्या हवाली झाले, तेव्हा हा कायदा हाताशी होता. गुन्हेगार पकडणे नौदलाचे काम. त्याला कोणत्या व्याख्येखाली, कोणापुढे उभे करायचे, हे ठरवायला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

म्हणून हे प्रकरण वर्गात तीन भागांत वाचावे: ऐकीव लूट, प्रत्यक्ष संवाद आणि अखेरचा हिशेब. पहिल्या भागातील आकडे तपासावेत, तिसऱ्यातील अनुमान नाकारावे, पण मधला संवाद विद्यार्थ्यांकडून पुनःपुन्हा वाचून घ्यावा. प्रतिपक्षाचे उत्तर त्याच्याच तोडीने लिहून ठेवण्याची जी सचोटी खाफीखानाने तेथे दाखवली, ती त्याला स्वतःच्या निष्कर्षात टिकवता आली नाही. या वृत्तान्ताचे श्रेय त्या सचोटीत आहे आणि त्याचे अपयश तिचा हात सोडण्यात आहे.